आडवी गेलेली विहीर

माझे बाबा भिंतीकडे तोंड करून जेवायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच बाप असे जेवतात. माय ताटात कळण्याची भाकर, आंबाडीची भाजी आणि कडेला ठेचा वाढायची, तांब्या उजव्या हाताला ठेवायची आणि चुलीपाशी जाऊन बसायची. मग भाकर मोडल्याचा आवाज, पाण्याचा घोट, ताटात हात धुतल्याचा आवाज. आमच्या घरात संध्याकाळचं बोलणं एवढंच. माझ्याहून मोठ्या दोघी बहिणी लग्न होऊन गेल्यावर तर भांड्यांचाच काय तो आवाज उरला.

आम्ही माळी. मंगरूळपीरच्या बाजारात भाजी नेऊन विकायची, हाच तिन्ही भावांचा धंदा. पण वाटणीत दोघा काकांना नाल्याकाठची काळी जमीन आणि चालत्या विहिरी मिळाल्या, आणि धाकट्या बाबांच्या वाट्याला टेकाडावरचं बरड आलं. वाटणीच्या वेळी ते काही बोलले नाहीत. काही वर्षं मोठ्या काकांच्या विहिरीवर आम्हाला पाण्याची पाळी होती. काकांनी मोटर बसवली आणि पाळी बंद झाली, तेव्हाही बाबा बोलले नाहीत. बाजारात काकांची वांगी पोत्यांनी जायची. आमची टोपलीभर वांगी घेऊन बाबा त्यांच्या बाजूलाच बसायचे, आणि गिऱ्हाईक आलं की आधी भावाकडं बघायचे. गावात त्यांना कुणी हाक मारत नसे. काम असलं तर मायला सांगत.

शेवटी मायच्याच हट्टानं टेकाडावर विहीर घ्यायचं ठरलं आणि सुखदेवकाकांना बोलावणं गेलं.

सुखदेवकाका बौद्धपुऱ्यातले. आमच्या भागातल्या निम्म्या विहिरी त्यांच्या हातच्या. उंच, वाळलेला माणूस, भुवयांवर कायम दगडाची पांढरी धूळ. ते आणि त्यांचे दोन भाऊ सुरुंग भरायचे, दगड फोडायचे, आणि काठावर उभारलेल्या लाकडी यारीनं मलबा वर ओढायचे. काका खाली उतरले की आधी घणानं दगडावर एक टोला मारायचे आणि कान देऊन थांबायचे. मी भाकरी घेऊन गेले की मला ऐकायला लावायचे.

"ऐक व वच्छे. हा कसा टणटण करते? मुका हाये हा, पाण्याचा काहीच पत्ता नाई त्याले. पाण्याजवळचा गोटा खोकलते."

"गोटा कसा खोकलंन, काका?"

"लागला की सांगतो तुले."

त्या हिवाळ्यात घरी, नाल्यावर, कुठंही असलं तरी मला तो टणटण आवाज ऐकू यायचा. गावातल्या बाया त्यावरून वेळ ओळखायच्या. आवाज थांबला की भाकरीची वेळ झाली.

होळीच्या सुमारास तीस हातांवर तो आवाज बदलला. सुरुंग उडाला, धूर निवला, काका खाली गेले. मग टोपलं वर आलं. त्यात डोक्याएवढा एक दगड होता. बाहेरून आपल्या सगळ्या दगडांसारखाच काळा, पण फुटलेल्या बाजूला आत पोकळी, आणि त्या पोकळीत पांढऱ्या चमकत्या पाकळ्याच पाकळ्या. ऊन पडलं तशी माझ्या डोळ्यांवर तिरीप आली. बाबांनी तो दगड मांडीवर घेतला. काठावर बघ्यांची गर्दी होतीच. त्यातलं कुणीतरी म्हणालं, "चांदी हाये बाप्पा ही."

सुखदेवकाका वर आले आणि म्हणाले, "खाली माणूस बसंन एवढी बीळ हाये, आन सारी अशीच भरेल हाये. पण मारोतीभाऊ, चांदीबिंदी काई नाई. अशा बिळी मले पहिले बी लागल्या. खाली चला. गोटा खोकलून राह्यला, पाणी जवळ हाये."

बाबांनी मान हलवली. पण दगड खाली ठेवला नाही.

त्या रात्री बाबा भिंतीकडे पाठ करून जेवले. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा त्यांना जेवताना समोरून पाहिलं. ते भाजीला चांगली म्हणाले. मायच्या हातातली पळी तशीच राहिली.

पुढच्या आठ दिवसांत आमचं घर बदललं. ओट्यावर माणसं येऊन बसू लागली. मोठे काका, ज्यांनी पाळी बंद केली होती ते, चहाला आले. मायच्या माहेरचा एक माणूस चंद्रपूरकडं कोळशाच्या खाणीत काम करून आला होता. तो म्हणाला, "शीर कवाही खाली नाई जात. शीर आडवी जाते. तिच्या मांगं मांगं आडवं खंदा." बाजारात बाबांना लोक 'खदानवाले' म्हणू लागले. दगड कुणा जाणकाराला दाखवायचा विषय निघाला की बाबा हळू आवाजात सांगायचे, "सरकारले समजलं तं वावर जाईन." सगळ्या गावाला ठाऊक असलेलं ते गुपित होतं. बाबा रोज दाढी करू लागले, धोतर नीळ घालून धुवून घेऊ लागले. आणि बोलू लागले. इतकं बोलायचे की मला वाटायचं, हे सगळं इतकी वर्षं ह्यांनी ठेवलं कुठं?

सुखदेवकाका मात्र रोज एकच सांगत राहिले, खाली चला. एका दुपारी काठावर चारचौघं असताना त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि कुणीतरी हसलं. बाबांना ते हसू आपल्यावरचं वाटलं. ते ताडकन म्हणाले, "तुमच्या लोकाईनं चांदी पाह्यली कवा, का तुमाले समजंन?"

मी तिथं होते. काकांनी हातातली पहार खाली ठेवली, भावांना हाक मारली आणि यारीचे दोर सोडायला सुरुवात केली. सगळं आवरून ते तिघं निघून गेले. बाबांनी त्यांना थांबवलं नाही. त्यानंतर बाबा एकटेच छिन्नी-हातोडा घेऊन शिडीनं उतरायचे आणि विहिरीच्या पोटातून आडवं बीळ कोरत बसायचे.

अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी बाबा बाजाराला गेले होते. मी परसात वाळवणाशी होते. आत आले तर माय चुलीपुढं बसलेली. लाल निखाऱ्यांवर तिनं दोन वस्तू ठेवल्या होत्या. एक तो पांढरा पाकळ्यांचा तुकडा, आणि त्याच्या शेजारी तिचं तुटकं जोडवं.

"माय, काय करून राह्यली?"

"गप बस. पाह्य."

थोड्या वेळानं तुकडा तडतडला. मग पापड फुगावा तसा फुगला, त्याचे पदर सुटले आणि पांढरी राख होऊन तो निखाऱ्यांत पसरला. जोडवं तसंच. चिमट्यानं काढून मायनं ते चिंचेच्या कोळानं घासलं, तर लख्ख. तिनं ते लुगड्याला पुसलं, पायात घालून पाहिलं आणि पुन्हा डब्यात टाकलं. मग चिमट्यानं ते पांढरं पीठ चुलीतल्या राखेत मिसळून टाकलं.

"म्हंजे चांदी नाई थे," मी म्हणाले.

"नाई."

"मंग बाबाले सांगू?"

मायनं माझं मनगट धरलं. तिचा हात चुलीनं तापलेला होता. "कोनाले सांगू नको. माणूस बोलून राह्यला माहा. बावीस वर्सात पहिल्यांदा बोलून राह्यला."

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. मला ते पटलं. माझ्या मायला नवरा बोलायला हवा होता, यात न पटण्यासारखं काय होतं? त्याचा भार कुणाच्या डोक्यावर येणार आहे, हे तिला दिसलं होतं की नव्हतं, याचा विचार मी पुढं फार वर्षं केला.

पावसाळ्यात विहीर पावसाच्या पाण्यानं भरली. दिवाळीनंतर त्याच पाण्यावर आमची वांगी-मेथी दोन महिने निघाली असती. पण पाण्यामुळं बिळात उतरता येईना. म्हणून बाबांनी माणसं लावून विहीर उपसली आणि पाणी उतारावर सोडून दिलं. मी आणि माय वावराच्या धुऱ्यावर उभ्या राहून ते वाहून जाताना बघत होतो. मग भाजीला पाणी कुठून आणायचं? नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावरून, डोक्यावर गुंड, म्हणजे पितळेची मोठी घागर, घेऊन. माय म्हणाली, "पंधरा दिवस शाळेत नको जाऊ. मंग पाहू."

मी आसेगावच्या हायस्कुलात नववीला होते. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याची संक्रांत झाली. झिऱ्यात वाटीनं पाणी भरायचं, गुंड डोक्यावर चढवायचा, टेकाड चढायचं, वाफ्यात ओतायचं, पुन्हा उतरायचं. सकाळी सुरू केलं की ऊन डोक्यावर येईपर्यंत, आणि ऊन कललं की पुन्हा. टेकाडावरून आसेगावची वाट दिसायची आणि त्या वाटेनं जाणाऱ्या पोरी दिसायच्या. पहिल्यांदा त्या हात करायच्या. नंतर त्यांनी सोडून दिलं, आणि खरं सांगायचं तर मलाही हात वर करायचा कंटाळा यायचा. आज माझी मान डावीकडं पूर्ण वळत नाही. डॉक्टर फोटो काढून मणक्यांची झीज दाखवतात आणि वयानं होतं म्हणतात. मी हो म्हणते. सगळंच सांगत बसायला आता जीव होत नाही.

सगळ्यात जड गुंड नव्हता. संध्याकाळी घरी यावं, अंग ठणकत असावं, आणि बाबांनी कौतुकानं नवा तुकडा पुढं करावा, "पाह्य व वच्छे, आज कशी निंघाली!" मी म्हणायचं, "लय चांगली, बाबा." मायनं माझ्याकडं न बघता भाकर थापत राहायचं. त्या भाकरीच्या थापांचा आवाज मला अजून नकोसा होतो.

उन्हाळा लागला तेव्हा आसेगावला पाण्याचा सरकारी सर्व्हे आला. विहिरींची पाहणी करणारे एक साहेब शाळेच्या आवारात उतरले होते. ते दगड बघून सगळं सांगतात, असं माझी मैत्रीण कमल वाटेत भेटली तेव्हा म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी गुंड झिऱ्यावर उपडा ठेवला, ओच्यात तुकडा बांधला आणि त्या पोरींच्याच वाटेनं आसेगावला गेले. परीक्षा चालू होती. खिडकीतून माझ्या वर्गातल्या पोरी वाकून लिहिताना दिसल्या. मी तिकडं फार बघितलं नाही.

साहेब लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. जाड भिंगाचा चष्मा, पुढ्यात पत्र्याच्या पेटीत ओळीनं मांडलेले दगड. त्यांनी माझा तुकडा घेतला, चाकूनं ओरखडून पाहिला आणि विचारलं, "विहिरीत सापडला?"

"हो. चांदी हाये का?"

ते हसले नाहीत, याचं मला आजही बरं वाटतं. "नाही बेटा. चांदी किती जड असते. हा बघ, हलका आहे. याला झिओलाइट म्हणतात. आपल्या या सगळ्या भागात चांदी नाहीच." मग त्यांनी पेटीतला काळा दगड काढून समजावलं. हा सगळा मुलूख कधीकाळी वितळलेल्या दगडाच्या थरांनी झाकला गेला, एकावर एक. थर गार होताना वाफेचे बुडबुडे आतच अडकले, भाकरीला फोड येतात तसे. त्या पोकळ्यांत पुढं पाणी झिरपत राहिलं, आणि त्या पाण्यातलं खनिज साचून साचून या पाकळ्या झाल्या.

"म्हंजे हे पाण्यानं केलं?"

"पाण्यानंच. अजूनही याच्या आत पाणी आहे. तापवलं तर ते निघून जातं आणि दगड फुलून फुटतो."

मला चूल आठवली. मी विचारलं, "मंग इहिरीले पाणी लागंन का?"

"असा पोकळ्यांचा थर संपला की खाली बहुतेक लाल मातीचा पट्टा लागतो. तिथं पाणी असण्याची शक्यता असते. शक्यता म्हणालो हं, खात्री नाही."

परत येताना मी ठरवलं काहीच नव्हतं. झिऱ्यावर आले, उपडा गुंड दिसला, आणि तो उचलायला हातच पुढं होईना. मी तशीच टेकाड चढून विहिरीवर गेले आणि शिडीनं खाली उतरले.

बाबा बिळात गुडघ्यांवर बसून कोरत होते. कंदिलाच्या उजेडात चारी बाजूंना त्या पाकळ्या चमकत होत्या. खोटं कशाला सांगू, ती जागा फार सुंदर होती. तेवढी सुंदर जागा मी पुन्हा पाहिली नाही.

"बाबा, हे चांदी नाई."

छिन्नीवर दोन टोले पडले. "कोनं सांगतलं?"

"पाण्याच्या सायबानं."

"सायबाले काय समजते." पुन्हा टोला.

इथंच मी थांबायला हवं होतं. साहेबांचं नाव पुरेसं होतं. आज नाही तर महिन्यानं त्यांना पटलं असतं. पण दिवाळीपासूनचं पाणी माझ्या डोक्यावर होतं. मी म्हणाले, "मायनं चुलीत टाकून पाह्यली. पीठ झालं तिचं."

हातोडा थांबला. "तुह्या मायनं?"

"हो."

"कवा?"

"मागच्या अक्षयतृतीयेले."

बाबा वळून खाली बसले. त्यांनी हाताची बोटं उघडून पाहिली, फोड आलेली, नखं फुटलेली. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग तुमी दोघी मले रोज पाहत होत्या?"

त्यांनी कंदील विझवला आणि माझ्या आधी वर गेले.

तीन दिवस बाबा घराबाहेर पडले नाहीत आणि मायशी बोलले नाहीत. जेवायला पुन्हा भिंतीकडं तोंड. पहिल्याच दिवशी परसात मायनं मला गाठलं. मला वाटलं ती मारेल. ती हळूच म्हणाली, "तुह्या पोटात नाई राह्यलं."

"माही शाळा गेली, माय."

"माह्या घरातला आवाज गेला," ती म्हणाली, आणि वाळत घातलेली मिरची उलथू लागली.

चौथ्या दिवशी सकाळी बाबांनी पायात जोडा घातला आणि मला म्हणाले, "चाल." आम्ही बौद्धपुऱ्यात गेलो. सुखदेवकाका अंगणात दोराला पीळ घालत बसले होते. बाबा अंगणाच्या कडेलाच उभे राहिले.

"सुखदेवभाऊ, लय वंगाळ बोललो मी."

"बोलले," काका मान वर न करता म्हणाले. "मले याद हाये."

बाबा उभेच. काकांनी पीळ पूर्ण केला, गाठ मारली. मग म्हणाले, "बसा." काकूंनी तांब्या आणून बाबांपुढं ठेवला. त्या काळी आमच्या घरचं कुणी त्या वस्तीत पाणी प्यालेलं मी ऐकलं नव्हतं. बाबांनी तांब्या उचलला आणि सगळा रिकामा केला.

"माही इहीर अर्धी राह्यली तिथं," काका म्हणाले. "वरसभर माह्या डोक्यात हाये थे. काम करतो. पण थ्या दिवसाची गोष्ट मी इसरलो असं समजू नका."

"नाई समजत," बाबा म्हणाले.

विहीर पुन्हा खाली जाऊ लागली. या वेळी बाबा यारीवर, मलबा ओढायला. अकरा हातांनंतर टोपल्यातून गेरूसारखी लाल माती वर आली, आणि दोन दिवसांनी खालून सुखदेवकाकांनी मला नावानं हाक मारली. "वच्छे, ऐक! खोकलला व!" पाणी फार नव्हतं. अर्धा एकर भिजेल इतकं. पण उन्हाळाभर आटलं नाही, आणि माझ्या डोक्यावरचा गुंड उतरला.

जूनमध्ये बाबा स्वतः मला शाळेत घेऊन गेले. पुन्हा नववीतच बसवलं. तीन महिने मी लहान पोरींसोबत बसले, तेवढ्यात किन्हीराजाचं स्थळ आलं. दोन लेकरांनंतर मी दहावी बाहेरून दिली, गणितात एकदा नापास होऊन. त्यावर अंगणवाडीची नोकरी मिळाली आणि तिच्यात माझं आयुष्य निघालं. गावातली पोरं अजून त्या जागेला चांदीची खदान म्हणतात. बिळाचं तोंड ढासळलंय, आत सायाळ राहते म्हणे. वरचे तुकडे पोरं वेचून नेतात आणि मोबाईलवर फोटो टाकून गिऱ्हाईक शोधतात.

बाबा त्यानंतर थोडंफार बोलायचे. माझ्याशी, सुखदेवकाकांशी, बाजारात. मायशी मात्र "तुह्या मायले सांग" असंच, शेवटपर्यंत. ते गेल्यावर मी मायला किन्हीराजाला आणलं. ती अंथरुणाला खिळली तेव्हा एका दुपारी, घरात दोघीच असताना, मी इतक्या वर्षांचं विचारलं. "माय, तुले माही दया नाई आली का व?"

ती आढ्याकडं बघत होती.

"दोघाईतलं एक पाहा लागलं मले," ती म्हणाली. "थो तुटला असता. तू निभवशीन असं वाटलं." मग मान वळवून तिनं मला नीट पाहिलं. "निभवलंच ना तू."

मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटलेलं नाही. हातात ज्वारीची पेज होती, ती निवत चालली होती. मी चमचा तिच्या ओठांशी नेला. तिनं तोंड उघडलं.